बंद पडणं आणि बंद राहणं



सध्या पावसाचे दिवस आहेत. साखर कारखान्यांची धुराडी थंड आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, कारखाना झोपलाय. आत जाऊन पाहा. मिलचे रोलर बाहेर काढून ठेवलेत, साखळ्या जमिनीवर पसरल्यात, बॉयलरच्या पोटात माणसं शिरलीत, वेल्डिंगच्या ठिणग्या उडताहेत. या दिवसांना आम्ही ऑफ सीझन म्हणतो. माझी तीस-एक वर्षं याच कामात, कारखान्याच्या देखभाल विभागात गेली. येत्या हंगामात गाळप किती तास बंद राहणार, हे बरंचसं आत्ता, या चिखलपाण्याच्या दिवसांत ठरत असतं. म्हणून आजच बोलायला आलोय.

एका जानेवारीतली रात्र सांगतो. कारखाना कोणता ते महत्त्वाचं नाही. रोजचं गाळप २५०० टन. रात्री एक चाळीसला बगॅस एलेव्हेटर थांबला. ऊस पिळून उरलेला चोथा, म्हणजे बगॅस, हा एलेव्हेटर उचलून बॉयलरकडे नेतो. तो थांबला की चोथ्याला वाट नाही, म्हणून मिल थांबवावी लागते. मिल थांबली की बॉयलरला नवं जळण नाही. जळण नाही म्हणून वाफ उतरते, आणि वाफेवर तर पुढची सगळी साखर शिजायची असते. एका साखळीच्या टोकाला असलेल्या एका बेअरिंगपायी अख्खा कारखाना गप्प झाला.

बेअरिंग टेल शाफ्टचं होतं, जाम झालेलं. नंबर २२२२० के. बेअरिंगच्या अशा नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की भोकाचा व्यास मिळतो. वीस पंचे शंभर, म्हणजे १०० मिलीमीटर. आमचा शाफ्ट मात्र ९० मिलीमीटरचा. शंभराचं भोक नव्वदच्या शाफ्टवर बसतं, कारण मधे एक चिरलेली, निमुळती स्लीव्ह असते. तिचा नट आवळत गेलं की बेअरिंग शाफ्टला धरून बसतं. त्यासाठी बेअरिंगचं भोकही निमुळतं लागतं, आणि नंबरापुढचं ते 'के' अक्षर एवढंच सांगतं.

स्टोअरच्या कार्डावर फक्त २२२२० लिहिलेलं होतं. मागवणाऱ्याने तेच मागवलं, पुरवणाऱ्याने तेच दिलं. पहाटे आम्ही खोका फोडला, तेलकट कागद उलगडला. आत नवंकोरं, चकचकीत, सरळ भोकाचं बेअरिंग. आमच्या कामाचं नाही.

मिल सुरू झाली सकाळी आठ दहाला. साडेसहा तास. पुढे आठ दिवसांनी मी शांतपणे बसून त्या साडेसहा तासांचा हिशेब मांडला. बगॅस उपसून शाफ्टपर्यंत पोचायला पाऊण तास. जाम झालेलं बेअरिंग काढायला एक तास. नवं बसवायला पन्नास मिनिटं. वाफ पुन्हा चढवायला पंचवीस. उरलेले साडेतीन तास यंत्राला कोणी हातच लावला नव्हता. त्यातली चाळीस मिनिटं स्टोअरकीपरच्या घरून किल्ली आणण्यात गेली, आणि बाकीचा वेळ शेजारच्या कारखान्यातून योग्य बेअरिंग येण्याची वाट बघण्यात.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी वेगळ्या मोजायला लागलो. यंत्र बंद पडणं वेगळं आणि बंद राहणं वेगळं. पडण्याला लोखंडाची झीज कारण असेल. बंद राहण्याला आपण कारण असतो. आमच्या लॉगबुकात मात्र त्या रात्रीची एकच ओळ होती: 'मेकॅनिकल, ६ तास ३० मिनिटं.' या ओळीतून कोण काय शिकणार? त्यात किल्ली दिसत नाही, कार्डावरचं गाळलेलं अक्षर दिसत नाही. दिसतो फक्त फिटर, आणि दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये बोलणीही तोच खातो, ज्याने पन्नास मिनिटांत चोख काम केलेलं असतं.

म्हणून माझं सांगणं असं, की प्रत्येक बंदच्या पाच वेळा लिहून ठेवाव्यात. यंत्र कधी थांबलं, फिटर कधी पोचला, सामान हाती कधी आलं, दुरुस्ती कधी संपली, माल पुन्हा कधी पडायला लागला. साध्या वहीत पाच रकाने पुरतात. वर्कशॉप चार लेथचं असो की इचलकरंजीतला मागाचा कारखाना असो, एक महिना हे लिहा. कुठे पैसे घालायचे ते वहीच सांगेल. पुष्कळदा नवं यंत्र घ्यायची गरजच नसते. कपाटाला दुसरी किल्ली करून आणायची असते. आणि चार-पाच मिनिटांचे थांबेही लिहा. साखळी अडकली, कोणी पहार घातली, सुटली, चालू झाली, असं एका पाळीत आठ वेळा होतं आणि कागदावर एकदाही येत नाही.

त्या रात्री पहाटे चारच्या सुमाराला मी केनयार्डात गेलो होतो. बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली. बीडकडच्या टोळ्या होत्या. बैल सोडून गाडीला बांधलेले, गाडीखाली बायकापोरं गोधडीत. एक म्हातारे गाडीवान शेकोटीशी बसले होते. त्यांनी विचारलं, "सायेब, कवा चालू व्हायचं?" मला उत्तर देता आलं नाही. या लोकांची मजुरी टनावर असते. गाडी रिकामी झाल्याशिवाय बैल परत फिरत नाहीत, आणि ते फडावर पोचेपर्यंत दुसऱ्या दिवशीची तोड उशिरा सुरू होते. साडेसहा तास म्हणजे आमच्या हिशेबात पावणेसातशे टन ऊस. गाडीला दीड-दोन टन धरले तर सुमारे साडेतीनशे ते साडेचारशे गाड्या. तोडलेल्या उसातली साखर तर कोणासाठी थांबत नाही. ऊस वाळतो, आतली साखर फुटते, उतारा घसरतो. देखभालीचा खर्च कमी करा म्हणणाऱ्या प्रत्येकाने एकदा बंद पडलेल्या मिलच्या यार्डात पहाटे उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

आता सगळ्यात बोचणारी गोष्ट. ते बेअरिंग अचानक गेलंच नव्हतं. आमचा एक ऑइलमन होता. हातात तेलाची झारी, खांद्यावर ग्रीसगन, कारखान्यात सगळ्यात कमी पगार. पण पाळीत तीनदा प्रत्येक बेअरिंगला हात लावणारा माणूस तोच. दोन दिवस आधी तो मिस्त्रींना म्हणाला होता, "टेल शाफ्टचं जरा गरम लागतंय." मिस्त्रींनी ऐकलं, पाळी बदलली, बोलणं हवेत विरलं. बातमी कारखान्यात होती. तिला लिहायला जागा नव्हती.

जपानमध्ये १९७१ साली मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या निप्पॉनडेन्सो कंपनीत जी पद्धत नावारूपाला आली, सेइइची नाकाजिमा यांनी जी पुढे जगभर सांगितली, तिचं मोठं नाव टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स. तिच्यातला मला पटलेला गाभा एवढाच: जो यंत्र चालवतो त्यानेच ते पुसावं, तेल द्यावं, सैल नट आवळावा आणि काय खटकलं ते लिहावं. पुसताना हात सगळीकडे फिरतो. हात फिरला की चीर, गळती, कंप, ऊब कळते. आपल्याकडे खंडेनवमीला आपण यंत्र लख्ख पुसतो, हार घालतो. त्या दिवशी जेवढे सैल बोल्ट सापडतात तेवढे महिन्याभरात सापडत नाहीत, हे कोणताही मिस्त्री सांगेल.

पण याचा अर्थ ऑफ सीझनमध्ये दिसेल ते खोलून ठेवा, असा नाही. आम्ही ती चूकही केली आहे, आणि ती मला उमगली एक जुनी हकिकत वाचून. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडची विमानं पाणबुड्या शोधत समुद्रावर फिरायची. दर ५० तासांच्या उड्डाणानंतर त्यांची ठरलेली तपासणी व्हायची. वॉडिंग्टन नावाचे एक जीवशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी या नोंदी पाहत होते. त्यांना दिसलं, की बिघाड सगळ्यात जास्त होतात ते तपासणीच्या लगेच नंतर, आणि पुढे हळूहळू कमी होत जातात. म्हणजे उघडझाकच बिघाड पेरत होती. हे वाचलं तेव्हा मला आमचे गिअरबॉक्स आठवले. उत्तम चालणारे, पण 'दरवर्षी खोलतो' म्हणून खोललेले, आणि पावसाळी दमट हवेत, ग्राइंडिंगच्या धुळीत आठवडाभर उघडे ठेवलेले.

तर मग खोलायचं कोणतं? जे बोलतंय ते. पूर्वी स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाशी धरून आम्ही ऐकायचो. आता तापमान दाखवणारी पिस्तुलासारखी उपकरणं छोट्या वर्कशॉपलाही परवडतात, कंप मोजणारी साधनं मिळतात. हंगाम संपता संपता, यंत्र भारावर चालू असतानाच, प्रत्येक महत्त्वाच्या बेअरिंगचं तापमान नि कंप लिहून ठेवा. मिल थंड झाल्यावर लोखंड काही सांगत नाही. बॉयलरचं बरं असतं. निरीक्षक येतात, पाण्याच्या दाबावर तपासतात, प्रमाणपत्राशिवाय तो पेटवता येत नाही. साध्या बेअरिंगची अशी काळजी घेणारा कायदा नाही. तिथे आपलीच वही.

त्या वर्षीच्या ऑफ सीझनला आम्ही स्टोअरची कार्डं पुन्हा लिहिली. नुसती जुन्या कार्डांवरून उतरवली नाहीत. यंत्रातून निघालेल्या बेअरिंगवरचा नंबर वाचून लिहिली. टेल शाफ्टसाठी एक लाकडी पेटी केली. बेअरिंग, स्लीव्ह, नट, लॉक वॉशर, पाना आणि फीलर गेज एकत्र. फट मोजणारं फीलर गेज यासाठी, की निमुळतं बेअरिंग हातोड्याने ठोकून अती आवळलं तर आतली फट संपते, आणि नवं बेअरिंग चार दिवसांत तापून जातं. पेटीची किल्ली पाळीच्या इंजिनिअरकडे. आणि ऑइलमनसाठी मिलच्या खांबाला एक वही टांगली, पेन्सिल दोरीने बांधून.

तीन हंगामांनी त्या वहीत एक ओळ आली: 'टेल शाफ्ट, डावी बाजू, गरम.' चार दिवसांवर जनरल क्लीनिंग होतं. त्या दिवशी कारखाना ठरवून थांबतो, उसाची तोडही आधीपासून त्या बेताने कमी केलेली असते. तोवर बेअरिंगवर दर दोन तासांनी नजर ठेवली, आणि क्लीनिंगच्या दिवशी ते बदललं. यार्डात त्या कामासाठी एकही गाडी ताटकळली नाही.

काढलेलं बेअरिंग मी डिझेलमध्ये धुतलं आणि ऑइलमनला बोलावून टेबलावर ठेवलं. बाहेरून ते अगदी निरोगी दिसत होतं. त्याने आतल्या कड्यावरून अंगठ्याचं नख सावकाश फिरवलं. एका जागी नख अडकलं. तो पुन्हा मागे आला, पुन्हा तिथेच अडकलं. मग त्याने मान वर केली आणि म्हणाला, "हेच लागत होतं हाताला."