पाकीट बंद, फाईल उघडी

(शाखा पदाधिकाऱ्यांच्या अभ्यास शिबिरात केलेले भाषण)



सकाळपासून पेन्शन, रिक्त जागा आणि कंत्राटीकरण यांवर बोलणे झाले. आता आम्हाला विषय दिला आहे माहितीचा हक्क, बोलण्याचे स्वातंत्र्य आणि सेन्सॉरशिपची मर्यादा. काहींना वाटेल, हा वकिलांचा आणि संपादकांचा विषय. आम्हाला तसे वाटत नाही. देशाची पत्रे ज्यांच्या हातून जातात ते टपालवाले, आणि ज्यांच्या डब्यातून जातात ते रेल्वेवाले. या विषयावर बोलण्याचा पहिला मान आपला आहे.

आर.एम.एस.च्या सॉर्टरला विचारा. रात्रभर हजारो पाकिटे त्याच्या हाताखालून जातात. कोणात लग्नाची बोलणी, कोणात कोर्टाचा कागद, कोणात युनियनचे पत्रक. तो पत्ता वाचतो, आतला मजकूर वाचत नाही. 1898 च्या टपाल कायद्यात पत्र उघडणाऱ्या किंवा अडकवून ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला तुरुंगाची शिक्षा होती. आपल्या माणसांनी मात्र ही शिस्त केवळ शिक्षेच्या भीतीने पाळली नाही. लोकांनी आपल्यावर विश्वास टाकला आहे, या जाणिवेने पाळली.

पण त्याच कायद्याच्या कलम 26 ने सरकारला पाकीट अडवण्याचा अधिकार दिला होता. ते कलम इंग्रजांनी लिहिले, आणि स्वातंत्र्यानंतरही ते राहिले. 1986 साली संसदेने हा अधिकार आणखी रुंद करणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. त्या विधेयकाचा कायदा कधीच झाला नाही.

पुढे 2023 साली जुना कायदा जाऊन नवा टपाल कायदा आला. तो 18 जून 2024 पासून लागू आहे. त्याच्या कलम 9 प्रमाणे केंद्र सरकार एखाद्या अधिकाऱ्याला टपाल अडवण्याचा, उघडण्याचा अधिकार देऊ शकते. कारणे दिली आहेत: देशाची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी, सार्वजनिक सुरक्षितता, शिवाय कोणत्याही कायद्याचा भंग.

मित्रहो, बॉम्ब असलेले पार्सल अडवू नये असे आम्ही म्हणणार नाही. ते पार्सल आपल्याच माणसाच्या हातात फुटेल. आमचा प्रश्न वेगळा आहे. हुकूम कोणी द्यायचा, कारण कुठे लिहायचे, आणि तो हुकूम योग्य होता की नाही हे कोणी तपासायचे? डिसेंबर 1996 मध्ये टेलिफोन टॅपिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच विचारले. न्यायालयाने सांगितले की हुकूम गृहसचिवाच्या पातळीवरून निघावा, त्याला मुदत असावी आणि समितीने तो तपासावा. नव्या टपाल कायद्याच्या मजकुरात अशी पद्धत घालून दिलेली नाही. ती असावी, ही मागणी टपाल आणि रेल्वे कामगारांनी मिळून केली पाहिजे. कारण उद्या पाकीट उघडले गेले, तर लोक साहेबाला ओळखणार नाहीत, दारात आलेल्या पोस्टमनला विचारतील.

आता दुसरी बाजू बघू. नागरिकाचे पाकीट उघडायला सरकार उत्सुक, पण स्वतःची फाईल दाखवायला तयार नाही. 1923 चा सरकारी गुपितांचा कायदा आजही आहे. त्या सवयीला पहिला मोठा धक्का राजस्थानच्या मजुरांनी दिला. दुष्काळी कामावरची मजुरी पूर्ण मिळेना, म्हणून 1994 पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनावण्या घेतल्या आणि हजेरीपट लोकांसमोर वाचले. 1996 साली ब्यावर शहरात 40 दिवस धरणे झाले. महाराष्ट्रात 2002 साली माहितीचा कायदा आला. देशाचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्ण लागू झाला. ज्या कायद्याला शिकलेले लोक आपला म्हणतात, त्याची मागणी रोजंदारीवरच्या माणसाच्या हजेरीपटातून आली, हे विसरू नका.

आमच्याच भागातली गोष्ट सांगतो. ट्रॅकमन बंधूंना पावसाळ्याआधी बूट आणि रेनकोट मिळायला हवे होते. मिळाले नाहीत. तोंडी तक्रार केली, तर उत्तर आले की वाटप पूर्ण झाले आहे. मग एका सभासदाने अर्ज लिहिला, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली आणि वाटपाच्या रजिस्टरची नक्कल मागितली. पहिले उत्तर आले, ही कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही. आम्ही अपील केले. नक्कल आली. त्या यादीत दोन महिने आधी रिटायर झालेल्या माणसाचीही सही होती! ती नक्कल घेऊन आम्ही बैठकीला गेलो. तीन आठवड्यांत बूट आले. मोर्चा निघाला नाही, घोषणा झाली नाही, एका कागदाने काम केले.

त्याच वर्षी दुसरा एक सभासद आमच्याकडे आला. बढतीत मागे पडला होता. म्हणाला, पुढे गेलेल्याचे मेडिकलचे कागद माहितीच्या अर्जाने काढून द्या, त्याला अडकवतो. आम्ही नाही म्हटले. तो रागावला, काही महिने वर्गणीही दिली नाही. पण बुटाचे रजिस्टर आणि माणसाचे आजारपण एकाच मापाने मोजता येत नाही. रजिस्टर सरकारच्या पैशाचे आहे, आजारपण त्या माणसाचे आहे. मर्यादा म्हणतात ती हीच, आणि ती आपल्यालाही लागू आहे.

म्हणूनच 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहितीच्या कायद्यात केलेला बदल समजून घ्या. कलम 8(1)(जे) मध्ये आधी वैयक्तिक माहिती कधी नाकारता येईल याच्या अटी होत्या. बदलानंतर 'वैयक्तिक माहिती' एवढेच शब्द उरले. बुटाच्या अर्जाला आलेले पहिले उत्तर आता अधिक जोरात येईल. तेव्हा कलम 8(2) दाखवा. लोकहित मोठे असेल तर माहिती देता येते, हे कलम कायम आहे. अर्जात लोकहित काय आहे ते स्पष्ट लिहा.

बोलण्याबद्दल थोडे. सरकारी नोकराने तोंड उघडू नये, असे अजूनही काही अधिकारी सांगतात. 1962 साली कामेश्वर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोकरी धरली म्हणून मूलभूत हक्क जात नाहीत, शांततेने निदर्शने करण्यावर सरसकट बंदी चालणार नाही. संपाचा मूलभूत हक्क मात्र त्याच निकालात मान्य झाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. घटनेच्या कलम 19(2) मध्ये बोलण्यावर वाजवी बंधने आहेत. दंगल भडकवणारे पत्रक कोणी आपल्या फलकावर लावले, तर आम्ही स्वतः ते काढू. पण रिक्त जागांचा हिशेब लिहिलेले पत्रक कोणी फाडले, तर कोणत्या नियमाने फाडले ते लेखी मागू.

लेखी का मागायचे, ते आणीबाणीने शिकवले. 1975 च्या जूनमध्ये वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. जयप्रकाश नारायण यांना अटक झाली, ज्यांनी एकेकाळी रेल्वे कामगारांच्या महासंघाचे आणि पोस्टमन बंधूंच्या युनियनचेही अध्यक्षपद सांभाळले होते. त्याच वर्षी डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत उघड बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. तेव्हा पाकीट सरकारने उघडले आणि फाईल बंद केली. सगळेच उलटे झाले.

जाताना तीन कामे सांगतो. प्रत्येक शाखेत माहितीचा अर्ज लिहिता येणारे दोन कार्यकर्ते तयार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर अपील चुकवू नका. आणि कोणाचे पत्र, कोणाचा फोन, कोणाचे आजारपण युनियनच्या भांडणात वापरू नका. माणसाचे पाकीट बंद राहिले पाहिजे आणि सरकारची फाईल उघडी राहिली पाहिजे. दोन्हींची राखण करायची आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!