दाराशी नेणारा हात

पतीच्या निधनानंतर सासरच्या घरातून बाहेर काढलेली एखादी स्त्री जिल्ह्याच्या न्यायालयात येते, आवारात बसलेल्या अर्जनविसापाशी चौकशी करते आणि वकिलाच्या फीचा आकडा ऐकून मुकाट्याने परतते. ज्या आवारातून ती माघारी वळते, तेथेच बहुधा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. पण हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

द्रव्याअभावी कोणी न्यायास मुकू नये, हे तत्त्व १९७६ साली ३९-अ या अनुच्छेदाने घटनेत आले. त्यास अनुसरून १९८७ साली झालेला कायदा ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला. त्यान्वये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार व कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. ज्यास लिहिता येत नाही, त्याचे म्हणणे तेथे लिहून घेतले जाते. इंदूर असो, बडोदे असो वा सोलापूर, व्यवस्था हीच. आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही देशभर एकच.

दार उघडे आहे. परंतु संकटाने गांगरलेल्या माणसास उघडे दारही दिसत नाही, आणि नुसती पाटी लावल्याने कचेरीचे कर्तव्य संपत नाही. एखादा शेजारी, एखादा शिक्षक, एखादा पोस्टमन त्या स्त्रीबरोबर चार पावले चालला, तर कायद्याच्या पुस्तकातील कलम तिच्यापुरते खरे होते.