पत्ता नसलेलं पार्सल

जुळे सोलापुरातून बोलतेय. काम माझं सॉफ्टवेअरचं, पण आजचा विषय आपल्या पेशींमधल्या कुरिअरचा.

समजा, एमआयडीसीतल्या कारखान्यात चादरी एकदम व्यवस्थित विणल्या, गठ्ठे बांधले, पण पत्त्याचं लेबलच लावलं नाही. माल चांगला आहे, पण पोचणार कुठं? 'आय-सेल' नावाच्या दुर्मिळ आजारात हेच होतं.

पेशीत कचरा जिरवणारी एक पिशवी असते, लायसोसोम. तिथली एन्झाइम्स तयार होतात दुसरीकडे, आणि त्यांच्यावर मॅनोज-६-फॉस्फेट हे लेबल लागतं. ते लावणाऱ्या जीनमध्ये बिघाड असला, की एन्झाइम्स पेशीबाहेर जातात. म्हणजे रक्तात एन्झाइम्स भरपूर, आणि पेशीत कचऱ्याचा ढीग! बाळाचे सांधे आखडतात, वाढ खुंटते. बहुतेक मुलं लहानपणीच जातात. बरं करणारं औषध अजून नाही.

पाँपे आजारात उलटं असतं. लेबल लावणारी यंत्रणा ठीक, पण एक एन्झाइमच कमी पडतं. ते दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून देतात, आणि हेच लेबल त्याला लायसोसोमपर्यंत नेतं. खर्च मात्र डोळे पांढरे करणारा. पाँपे २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात आहे. २०२२ पासून मदतीची मर्यादा ५० लाख रुपये आहे. ती ठरवून दिलेल्या सेंटरमार्फत मिळते. मुंबईत परळचं केईएम त्यातलंच एक.

आता आपल्या घरातली गोष्ट. हे दोन्ही आजार आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच होतात. दोघंही स्वतः ठणठणीत असतात, पण प्रत्येक गरोदरपणात बाळाला धोका २५ टक्के. मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी-मुलीशी लग्न आपल्याकडे नवीन नाही. अशा भावंडांचे साधारण आठवा हिस्सा जीन्स सारखे असतात, त्यामुळं तीच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. नात्याबाहेरच्या लग्नातही हे होऊ शकतं, फक्त कमी वेळा.

म्हणून घरात एखादं बाळ असं गेलं असेल, तर "सुनेचा पायगुण" म्हणणाऱ्याला तिथंच थांबवा. निम्मा वाटा मुलाचाही असतो. पुढच्या गरोदरपणाआधीच जेनेटिक कौन्सेलरला भेटा. बिघाड नेमका कळला असेल, तर गर्भाची तपासणीही करता येते.

हा एपिसोड फॅमिली ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या वेळी!