घट, टंच आणि येणे

आज भट्टी बंद ठेवून इथे जमलेल्या माझ्या गलाई व्यवसायातील बंधू-भगिनींनो,

खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळच्या कोरड्या पट्ट्यातून आपली माणसे सोने गाळायची विद्या घेऊन देशभर पांगली. त्यांतली काही चेन्नईच्या या जॉर्ज टाउनमध्ये, सौकारपेटच्या गल्ल्यांत स्थिरावली. १९११ साली पाचव्या जॉर्जचे नाव या वस्तीला मिळाले, त्याच्या कितीतरी आधीपासून इथे धातूचा व्यवहार चालत आला आहे. थंबू चेट्टी स्ट्रीटवरचे काळिकांबाळ मंदिर इथल्या विश्वकर्मा समाजाचे, ज्यात सोनारकाम करणारेही येतात. १६७७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी तिथे दर्शन घेतले, असे मंदिराची परंपरा सांगते. आपण या गावात उपरे आहोत असे ज्यांना अजून वाटते, त्यांनी एकदा त्या देवळात जाऊन यावे.

आज मला बोलायचे आहे ते अडकलेल्या मजुरीबद्दल. सराफाकडे पैसे मागावेत कसे आणि किती वेळा, हा प्रश्न आपल्यातल्या प्रत्येकाला छळतो. चहाच्या टपरीवर त्याची चर्चा होते, मेळाव्यात मात्र कोणी काढत नाही.

आपल्या कामाचे स्वरूप पाहा. सराफाचा माणूस मोड, म्हणजे जुने मोडके दागिने, आणि कानशीचा कीस पुडीत बांधून आणतो. आपण वजन करतो, चांदी मिसळून मुशीत वितळवतो, मग नायट्रिक तेजाबात चांदी-तांबे विरघळवून सोने मोकळे करतो आणि पुन्हा गाळतो. विरघळलेली चांदी तांब्याची पट्टी टाकून परत मिळवतो. संध्याकाळी त्याचे सोने त्याच्या हातात पडते. लाखोंचा ऐवज तो एका विश्वासावर आपल्या दारात ठेवून जातो. आणि आपण? काही हजारांची मजुरी मागताना आपली जीभ अडखळते. तीन-चार महिने गप्प राहतो, साठत गेलेला आकडा डोळ्यांपुढे नाचू लागला की एका दिवसात सहा फोन करतो. सराफ वैतागतो, फोन उचलत नाही, आणि पुढची पुडी दुसऱ्याच्या भट्टीवर जाते.

त्या सहा फोनांचा दोष फोन करणाऱ्याच्या स्वभावात नाही. सोने परत दिले त्या संध्याकाळी पैशाची तारीख ठरली नाही, तिथे खोट आहे. आवक वजन, गाळल्यानंतरचे वजन, घट (गाळताना आलेली तूट), टंच (सोन्याची शुद्धता), मजुरी आणि देण्याची तारीख, एवढे एका पावतीवर लिहून सोन्याबरोबरच द्यावे. घटीचा हिशोब त्याच दिवशी समोर मांडला की पुढे पैसे अडवायला तेच निमित्त कोणाला मिळत नाही. माझ्या पाहण्यात रखडलेल्या मजुरीच्या मुळाशी बहुतेकदा न बोललेली घटच असते. सराफाला मनातून शंका असते, ती तो विचारत नाही, फक्त 'नाळैक्कु वांग', उद्या या, म्हणत राहतो. अशा वेळी पैसे मागू नका, घटीबद्दल काही विचारायचे आहे का, ते विचारा.

ठरलेल्या तारखेला एक निरोप पुरे. त्यात पावतीचा फोटो, रक्कम आणि 'सोयीने कळवा' एवढेच असावे. उत्तर नाही आले तर आठवड्याने स्वतः जावे. मात्र वेळ पाहून जावे. या गावात शुक्रवारी घरातून पैसा बाहेर देणे बरेच जण टाळतात, आणि सकाळी साडेदहा ते बारा तर राहुकाळ. आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, लग्ने नसतात, दुकानात गिऱ्हाईक कमी असते, म्हणून तेव्हाही तगादा टाळावा. ज्यांच्या वह्या दिवाळीला बदलतात त्यांचे जुने येणे दिवाळीच्या आधी मागावे, नव्या वहीच्या पूजनानंतर लगेच नव्हे. दुकानात गिऱ्हाईक बसलेले असताना येण्याचा विषय काढणे म्हणजे त्या माणसाची अब्रू काढणे. त्याची आठवण तो पैसे दिल्यावरही ठेवतो.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे तरुणांनी समजून घ्यावे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाला २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीने त्याला आणखी बळ आले: मुदत चुकवलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय ग्राहकाला खर्चात धरता येत नाही. म्हणून फेब्रुवारीत बाकीचा उतारा सराफाला आणि त्याच्या हिशोबनीसाला पाठवावा. ३१ मार्चपूर्वी चुकते केले तर त्याच वर्षी वजावट मिळते, यात त्याचाही फायदा आहे. ही गोष्ट धमकीच्या सुरात सांगितलीत तर गिऱ्हाईक गेले समजा. उताऱ्यावर त्याची सही मात्र जरूर घ्या. १९६३ च्या मुदत कायद्यात येण्याच्या दाव्याला साधारण तीन वर्षे असतात, आणि ती संपण्याआधी सहीनिशी कबुली मिळाली तर मुदत नव्याने सुरू होते.

इतके करूनही जो देत नाही, त्याचे पुढचे काम थांबवायला कचरू नका. न ओरडता सांगावे की मागचे मिटल्यावर नवी पुडी घेऊ. हे सांगायला बळ लागते, आणि एकटा कारागीर ते आणू शकत नाही, कारण शेजारचा भट्टीवाला तीच पुडी तासाभरात उचलतो. एकमेकांचे थकबाकीदार गिऱ्हाईक कमी मजुरीत ओढण्याची ही सवय आपणच मोडली पाहिजे. दुसरा कोणी ती मोडणार नाही.

पावतीचा एक मसुदा आम्ही तयार केला आहे, मराठी, तमिळ आणि हिंदी अशा तीन भाषांत. दुपारच्या सत्रात तो आपल्यापुढे येईल. घटीच्या रकान्याबद्दल ज्येष्ठ कारागिरांनी आपले म्हणणे जरूर मांडावे, कारण चांदीतल्या सोन्याची घट आणि मोडीतली घट एकाच ओळीत बसवावी की वेगळी, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.