आमच्या घरचा जगप्रवास

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक स्नेहमेळाव्यात एका सभासदाने केलेले भाषण)



आजवर या सभागृहात मी माईक हातात घेतला, तो पाण्याच्या टाकीसाठी नाहीतर लिफ्टसाठी. आज मी स्वयंपाकावर बोलणार म्हटल्यावर काही जण गालातल्या गालात हसताहेत, ते दिसतंय मला. हसा खुशाल. पण महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या विंगच्या डक्टमधून जे अनोळखी वास येतात, त्यांचा खुलासा करणं माझं कर्तव्य आहे.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. कोकणातलं घर बंद करून आईला आम्ही इकडे आणलं. "जन्मभर चुलीपुढे राबलीस, आता आराम कर," असं तिला अगदी प्रेमानं सांगितलं. ती स्वयंपाकघरात आली की बायको म्हणायची, "आई, तुम्ही बसा." मी म्हणायचो, "तू टीव्ही बघ." सहा महिन्यांत आई खरोखरच बसली. साडेसातला एकटीच जेवायची आणि "भूक नाही" म्हणत अर्धी भाकरी परत ठेवायची. मुलगा बारावीचा, तो ताट घेऊन खोलीत. मुलगी मोबाइलसमोर. आम्ही दोघं नऊनंतर. एका घरात चार पंगती!

सुरुवात मुलीनं केली. शाळेत आफ्रिका खंड शिकवला होता. ती म्हणाली, "बाबा, रविवारी इथिओपियाचं जेवण करू या." तिथली इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या अगदी बारीक धान्याच्या पिठाची, काही दिवस आंबवून केलेली मोठी, मऊ, जाळीदार पोळी. टेफ काही आपल्या वाण्याकडे मिळेना. म्हणून नाचणीचं पीठ घेतलं. नाचणीही मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलीच, हे मला तेव्हा कळलं.

पहिली पोळी तव्याला चिकटली. दुसरी फाटली. तिसरीचा गोळा झाला. आम्ही तिघं तव्याभोवती हताश उभे, तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे, हे आंबोळीचं पीठ आहे. तवा नीट तापू दे. आणि अर्धा कांदा दे बघू." आईनं कांदा तेलात बुडवून तवा पुसला, पीठ ओतलं, वर झाकण ठेवलं. इंजेरासुद्धा एकाच बाजूनं, झाकण ठेवूनच भाजतात. काय सुंदर जाळी पडली म्हणून सांगू!

इथिओपियात मोठ्या थाळीत इंजेरा पसरतात, तिच्यावर डाळी-भाज्या वाढतात आणि सगळे त्या एकाच थाळीतून जेवतात. आपल्या हातानं दुसऱ्याला घास भरवणं ही तिथली प्रेमाची आणि मानाची रीत. त्या घासाला गुर्शा म्हणतात. मुलीनं हे वाचून दाखवलं. आईनं काही न बोलता पोळीचा तुकडा मोडला, त्यात मसुरीची डाळ धरली आणि बारावीतल्या नातवापुढे हात केला. एरवी त्याच्या ताटाला कुणी हात लावलेला खपत नाही. त्यानं मुकाट्यानं तोंड उघडलं. मग तिनं मला भरवलं. पन्नाशीचा माणूस मी. डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा डाळ फार तिखट झालीय असं सगळ्यांना सांगितलं.

मंडळी, आमची चूक त्या दिवशी लक्षात आली. आराम दे-दे म्हणत आम्ही आईची घरातली जागाच काढून घेतली होती. रोजच्या वरण-भाताला कुणाची तरी पद्धत असते. सासूची की सुनेची, हा प्रश्न न बोलताही उभा असतो. इंजेरापुढे मात्र घरातले सगळे सारखेच अडाणी. तिथं कुणाची सत्ता नाही, म्हणून प्रत्येकाला जागा आहे.

मग दर महिन्याला एक देश ठरला. जॉर्जियाचं खिनकाली केलं. पातळ लाटीत सारण भरून कळ्या पाडायच्या, वर शेंडी वळायची आणि उकळत्या पाण्यात शिजवायचं. तिकडे मांसाचं करतात, तसं बटाट्याचंही करतात. आम्ही बटाट्याचं केलं. शेंडी धरून खायचं आणि शेंडी ताटात ठेवायची, म्हणजे कुणी किती खाल्ले ते मोजता येतं. मोदक वळणाऱ्या आईला कळ्या शिकवायची गरजच पडली नाही. उलट मुलगा तिच्याकडून शिकला. गणपतीत एकवीसपैकी सात मोदक त्याचे होते. वाकडे होते, पण एकही फुटला नाही.

एकदा दक्षिण अमेरिकेचा बेत होता आणि नेमकी एकादशी आली. मुलीनं शोधून काढलं की बटाटा, मिरची, शेंगदाणे आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. आई खिचडीचा चमचा हातात धरून म्हणाली, "म्हणजे चाळीस वर्षं मी परदेशी जेवणावर एकादशी केली?" त्या दिवशी ती किती दिवसांनी खळखळून हसली!

मेक्सिकोच्या तोर्तियानं मला जास्त विचार करायला लावलं. तिथं वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, धुतात आणि मग वाटतात. त्यामुळे मक्यातलं ब-3 जीवनसत्त्व अंगी लागतं. मका समुद्र ओलांडून युरोपात गेला, पण ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही. 18व्या शतकात स्पेन-इटलीतली मक्यावरच जगणारी गरीब माणसं पेलाग्रा नावाच्या रोगानं आजारी पडली. धान्य पोचलं, पण घरातल्या जाणत्या बाईचं शहाणपण मागेच राहिलं. आम्हीही आईला गावाहून आणलं होतं, तिचं शहाणपण मात्र कुलूपबंद घरात ठेवून आलो होतो.

कुणाला करून बघायचं असेल, तर आमचे नियम सोपे आहेत. जे सामान कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, त्यातच भागवायचं. घरातल्या प्रत्येकाला काम, मग ते लसूण सोलण्याचं का असेना. मोबाइल ड्रॉवरमध्ये. आणि बिघडलं तरी त्या दिवशी बाहेरून मागवायचं नाही. आमची जपानची वारी पूर्ण फसली होती. भात चिकट होण्याऐवजी मोकळा झाला, गोळे काही वळले जाईनात. शेवटी आईनं त्याचा फोडणीचा भात केला. तोही पाचही जणांनी एकत्रच खाल्ला.

आई आता साडेसातला जेवत नाही. आमच्यासाठी थांबते, आणि उशीर झाला की ओरडते. ते ओरडणं ऐकायला बरं वाटतं.

येत्या शेवटच्या रविवारी लेबनॉन आहे. काबुली चणे, तीळ, लिंबू. वास आला तर समितीकडे तक्रार करू नका, सरळ बेल वाजवा. फक्त येताना हात धुऊन या, कामाला लावलं जाईल.