बचतीतून पहिली दुर्बीण

रोहिणी, मृग, आर्द्रा ही नावं आपल्याला पेरणीमुळे पाठ आहेत. पण मृगाच्या पावसात मृग दिसत नाही, कारण तेव्हा सूर्य तिथेच असतो. तो पाहायचा हिवाळ्यात.

गटातल्या मुलींसाठी दुर्बीण घ्यायची, तर पैसा बचतीचा आहे. म्हणून आम्ही आधी हिशेब शिकलो, तो सांगतो.

खोक्यावर ‘५०० पट’ लिहिलं म्हणून भुलू नका. पुढच्या भिंगाची रुंदी विचारा. रुंदी जास्त, तर उजेड जास्त. ती मिलिमीटरमध्ये घ्या आणि दुप्पट करा. ७० ची दुर्बीण असेल तर १४० पट ही हद्द. त्यापुढे चित्र नुसतं धूसर होतं.

डोळा लावायचं छोटं भिंग म्हणजे नेत्रिका. दुर्बिणीवरच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या आकड्यानं भागा. ७०० भागिले २५, म्हणजे २८ पट. त्यात चंद्र, कृत्तिका बघा. ७०० भागिले १०, म्हणजे ७० पट. त्यात शनीचं कडं दिसतं. सुरुवातीला या दोनच पुरतात. तिपाई मात्र हलवून बघा. ती डुगडुगली तर काहीच दिसत नाही.

पैसे कमी पडले तर १० बाय ५० ची द्विनेत्री घ्या. हात टेकवून धरली की गुरूचे चार चंद्र दिसतात.

दुर्बिणीतून सूर्याकडे कधीच बघायचं नाही, डोळा जातो. लेकरांजवळ मोठं माणूस हवंच.

शहरात दिव्यांपुढे तारे बुजतात. आपल्या शिवारातला अंधार हे आपलं भांडवल आहे, बायांनो. ते वापरू या.