झोळीतली झोप



पंचेचाळिशी उलटल्यावर मला दोन झाडांमध्ये झोळी टांगून रात्र काढण्याचा नाद लागला. परदेशात हिला हॅमॉक म्हणतात. शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरील तायनो लोकांचा. १४९२ साली कोलंबसाने त्यांना तीत निजताना पाहिले. आपल्याकडे झोळीत बाळ निजते. बापाला मात्र लाज वाटते!

डिसेंबरात वेल्ह्याजवळ एका स्नेह्याच्या आमराईत पहिली रात्र. पाठ सरळ राहावी म्हणून मी दोर तारेसारखे ताणले. मध्यरात्री गाठीपाशी दोर तुटला आणि मी पाठीवर आपटलो. खाली दगड असता तर आज आपल्यापुढे उभा नसतो. चूक साध्या गणिताची होती. दोर आडव्या रेषेशी ३० अंशांत असेल, तर ६० किलोच्या माणसाचा प्रत्येक दोरावर ६० किलोच ताण पडतो. १० अंशांत तोच सुमारे १७० किलो होतो. तेव्हा झोळी सैल बांधावी आणि तीत तिरके निजावे; पाठ आपोआप सपाट होते.

मग थंडी. अंगावर दोन रजया घेऊनही पाठ गारठली. ऊब धरते ती कापसातली हवा. अंगाखाली दबलेल्या रजईत ती फारशी उरतच नाही. म्हणून एक रजई झोळीच्या बाहेरून, खालच्या बाजूला टांगायची.

"घरात पलंग आहे हो," असे मंडळी तेव्हा म्हणाल्या. हल्ली त्यांचीही झोळी शेजारच्या आंब्याला असते, माझ्यापेक्षा सैल बांधलेली.